अर्ध्या कोयत्याची चौकशी

वाल्मिकाची एक गोष्ट त्यांच्या घरी आल्यागेल्याला चहाच्या आधी मिळायची. थोरला भाऊ श्रीमंत ती सांगायचा, वहिनी विजयमाला मधूनमधून तिखटमीठ लावायची, आणि ज्याची गोष्ट तो वाल्मिक तिथंच भिंतीला टेकून, मान खाली घालून हसायचा. गोष्ट अशी की पाथर्डीहून एसटीनं येताना, आपल्या फाट्यावर गाडी थांबवा, एवढंच कंडक्टरला सांगायचं होतं. वाल्मिक जागेवरून उठला, पुढं गेला. कंडक्टर कुणाशी तरी बोलत होता म्हणून थांबला. फाटा आला, फाटा गेला, आणि हा पठ्ठ्या तिसगावला उतरून उन्हातान्हात पायी माघारी आला. "पाय दुखले तरी चालंल, पन तोंड दुखायला नको," असं म्हणून श्रीमंत गोष्ट संपवायचा आणि पाहुणे पोट धरून हसायचे.

आता यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. आई कडूबाई म्हणायची, "माझं लेकरू गरीब गाय हाय." लहानपणापासूनचा दोस्त राधाकृष्ण म्हणायचा, "वाल्याच्या तोंडात तीळ टाका. भिजून मोड येतील त्याला, पन बाहेर न्हाई यायचा." माया नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. वाल्मिक आजारी पडला तर हाच श्रीमंत त्याला पाठीवर घेऊन डॉक्टरकडं पळायचा. सगळे मायेनंच हसायचे, आणि मायेचं हसणं फार वाईट असतं बघा. वैरी हसला तर माणूस उलट बोलतो तरी. आपलं माणूस हसलं की ते खरंच वाटायला लागतं. तेविसाव्या वर्षापर्यंत वाल्मिकाला ते इतकं खरं वाटायला लागलं होतं की आपल्यात सांगण्यासारखं काही असेल ही शंकासुद्धा त्याला येत नव्हती.

चौऱ्याण्णवची दिवाळी झाली आणि टोळी नेहमीसारखी ट्रकात बसून ऊसतोडीला कोपरगावकडं निघाली. ऊसतोडीत माणसं डोक्यावर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं त्याच्या मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायच्या. ज्याला जोडी नाही तो अर्धा कोयता. श्रीमंत आणि विजयमालेचा एक कोयता होता. वाल्मिक आणि राधाकृष्ण दोघंही बिनलग्नाचे, म्हणून दोघांनी आपापल्या आया सोबत घेतलेल्या. पण आठवडाही झाला नाही तोच कडूबाईचा पाय बांधावरून घसरला, गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि ती कोपीत बसली. कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पानांची झोपडी. आई तिथं बसून भाकरी थापायला लागली आणि इकडं वाल्मिक अर्धा राहिला.

टोळीत शेवगावकडचा सहादेव होता. बायको वारलेली, म्हणून लेक सविता सोबत. मुकादम आप्पासाहेबानं मार्ग काढला. "सहादेव आन वाल्मिक तोडतील, पोरगी दोघांच्याबी मोळ्या बांधील. दीड कोयता धरू."

"दिडातला अर्धा कोन ते इचारू नका," राधाकृष्ण म्हणाला आणि अख्खा फड हसला. वाल्मिकही हसला. सविता तेवढी हसली नाही.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी वाल्मिकानं तिचे हात बघितले. पाचटाच्या पात्यांनी कोपरापर्यंत ओरखडे उठले होते. दुसऱ्या दिवसापासून हा गडी ऊस बुडातून तोडला की आधी पाचट सोलून काढायला लागला. सगळे बुडखे एका अंगाला, शेंडे एका अंगाला लावायला लागला, आणि दोन मोळ्यांचा ऊस तीन ढिगांत घालायला लागला. साहजिकच त्याची पाथ, म्हणजे त्याच्या वाट्याच्या उसाची ओळ, मागं राहायला लागली. श्रीमंत पलीकडून ओरडायचा, "आरं हात चालव. ऊस हाय तो, नवरी न्हाई." मुकादम म्हणायचा, हे पोरगं मुळातच मंद. वाल्मिक सगळं ऐकून घ्यायचा. कारण सांगायचं म्हणजे बोलायला लागलं असतं, आणि ते कारण बोलण्यासारखं होतं का?

तिच्याशी बोलणं तर दूरच. सहादेवाला सगळी टोळी मामा म्हणायची, तसा हाही म्हणायचा, पण सविताचं नाव काही त्याच्या तोंडातून निघायचं नाही. ढीग तयार झाला की कोयत्याची पाठ उसावर दोनदा वाजवायचा. टक टक. तशी ती यायची. हळूहळू असं झालं की फडात दहा कोयते वाजत असले तरी ती बरोबर त्याच्या आवाजाला वळायची. पाण्याची कळशी आणली की पहिला तांब्या त्याच्यापुढं धरायची. एकदा मोळी उचलता उचलता म्हणाली, "तुमची मोळी डोक्याला लागत न्हाई."

"व्हय?" वाल्मिक म्हणाला.

एवढंच. पण ते एक वाक्य त्यानं पुढं किती दिवस जपून खाल्लं, काय सांगावं. फडातून कोप्यांकडं परतताना ती पुढं चालायची, डोक्यावर उसाच्या वाढ्याचा, हिरव्या शेंड्यांचा भारा, आणि हा मागं. चालता चालता त्याला पुढच्या सालाचं दिसायचं. ट्रकात शेजारी शेजारी बसलोय, दोघांची मिळून एक कोपी आहे, आणि मुकादम नावं घेताना म्हणतोय, वाल्मिक, एक कोयता. अख्खा एक. त्याला यापरतं जगात काही नको होतं. सहादेवाला येत्या वैशाखात पोरीचं उरकायचं होतं, हे टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग तोंड उघडायचं की नाही, बाबा? रोज ठरवायचा. एक दिवस ताटावर बसून त्यानं आईला हाक मारलीसुद्धा.

"आई."

"काय रं?"

"मीठ कमी हाय," वाल्मिक म्हणाला.

आणि गंमत बघा. तिकडं सहादेवाच्या मनात हाच पोरगा भरला होता. पोरीच्या हातावरचे ओरखडे गेले, हे बापाला दिसत होतं. पण लग्न म्हटलं की चौकशी आली. मुलीच्या बापानं चार जणांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. म्हणून सहादेव पोरीचं नाव न काढता विचारत फिरला, आणि वाल्मिकाला याचा पत्ता नव्हता. हे सगळं त्याच्या कानावर आलं ते पुढं उन्हाळ्यात, ज्याच्या त्याच्या तोंडून, हसत हसत.

श्रीमंत म्हणाला होता, "मामा, सोनं हाय आमचं वाल्मिक. पन मुकं सोनं. त्याला काय इचारायचं, मी बस म्हनलं की बसतो." विजयमाला म्हणाली होती, "भावजींना वाढलं तर खात्यात, न्हाई वाढलं तर उपाशी निजत्यात. येनारीनं दोघांचंबी तोंड सोताच व्हायला पायजे." राधाकृष्णानं एसटीची गोष्ट साभिनय करून दाखवली, कंडक्टर, फाटा, सगळं. शेवटी तो म्हणालाही होता, "पन मन लई चांगलं हाय त्याचं." पण तोपर्यंत सहादेवाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं, ऐकतो कोण?

तरी सहादेवानं नाद सोडला नाही. मुका असला तरी चालेल, त्याला आपल्या पोरीची ओढ आहे का तेवढं बघू, असं त्यानं मनाशी धरलं. आणि सहादेवाची एक रीत होती. ज्याला जोखायचं त्याला दुसऱ्याबद्दल विचारायचं. माणूस दुसऱ्याबद्दल कसा बोलतो त्यावरून त्याच्या पोटातलं कळतं, असा त्याचा हिशेब.

पौषातली गोष्ट. कारखान्याचं काहीतरी मोडलं म्हणून दुपारपासून तोड बंद होती. वाल्मिक कोपीपुढं बसून कानशीनं कोयत्याला धार लावत होता. सहादेव येऊन शेजारी बसला, तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"वाल्मिक, एक इचारू का?"

"इचारा की मामा."

"तुझा दोस्त, राधाकृष्ण. कसा हाय रं पोरगा?"

कानस कोयत्यावरच थांबली. वाल्मिकाला सगळं कळलं, म्हणजे त्याला वाटलं की कळलं. पोरीचा बाप वैशाखाचा विचार धरून पोराची चौकशी करतो, ती काय भाकरीसाठी? राधाकृष्णाबद्दलच विचारणार. तो बोलतो, हसवतो, मुकादमाशीही वाद घालतो. आपल्याबद्दल कोण विचारील, आणि कुणाला? त्याला क्षणभरसुद्धा याचं नवल वाटलं नाही. त्यानं कानस पुन्हा चालवली.

"चांगला हाय," तो म्हणाला.

"चांगला म्हंजे? सविताला द्यायची म्हनलं तर?"

आता इथं गप्प बसला असता तरी चाललं असतं. हजार वेळा नको तिथं गप्प बसलेला माणूस, या वेळी नेमका बोलला. तिचं बरं व्हावं, ती जिथं जाईल तिथं तिला कुणीतरी जपावं, हे एवढं महिना-दोन महिने पोटात साठलेलं होतं. स्वतःच्या नावावर ते बोलायला जीभ रेटली नसती. दुसऱ्याच्या नावावर भडाभडा बाहेर आलं.

"मामा, डोळे झाकून द्या. तिच्या हाताला पाचट लागू द्यायचा न्हाई तो. आधी सोलून घील, मग ढीग घालील. मोळी बारकी ठिवील, मग कुनी मंद म्हनू नायतर काय म्हनू. थंडीच्या दिसात ती उठायच्या आधी चूल पेटलेली आसंल. आन मामा, ती जेवताना मधीच थांबती. घास हातात तसाच. तिची आई आठवत आसंल. तुमच्या ध्यानात न्हाई आलं. त्याच्या ध्यानात यील. तो काय बोलनार न्हाई, पन तिथं बसून ऱ्हाईल, ती परत जेवायला लागंस्तवर. तिला कधी एकटं वाटू द्यायचा न्हाई."

सहादेव तंबाखू चघळायचा थांबला होता. "येवढं बोलता येतं व्हय तुला," तो म्हणाला. मग वाल्मिकाच्या गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि गेला.

बाप शहाणा होता, पण इतका नाही. त्यानं हिशेब केला तो असा: ज्याला माझ्या पोरीची ओढ आहे तो तिच्यासाठी दुसऱ्याची शिफारस करील का? तीही अशी जीव तोडून? म्हणजे याच्या मनात तसलं काही नाही. आणि ज्याच्यासाठी असा अबोल माणूस एवढं बोलतो, तो राधाकृष्ण काय साधासुधा असेल? दोन दिवसांनी त्यानं छबूबाईच्या, म्हणजे राधाकृष्णाच्या आईच्या, कोपीत जाऊन विषय काढला. आठवड्यात सुपारी फुटली. छबूबाईनं सगळ्या टोळीला गूळ वाटला.

राधाकृष्णानं येऊन वाल्मिकाला उचलूनच घेतलं. "आरं माझ्यात येवढे गुन हायेत ह्ये माझ्या आईलाबी ठाव न्हवतं." त्याच्यात कपट नव्हतं. दोस्तानं दोस्तासाठी केलं, एवढंच त्याला दिसलं. टोळीत मात्र तीच चर्चा. वाल्मिक बोलला म्हणे. सहादेवमामापुढं घडाघडा बोलला. श्रीमंताला तर भाऊ परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

आणि दीड कोयता तसाच चालू राहिला. वाल्मिक तोडत होता, सोलत होता, शेंडे एका अंगाला लावत होता. कोयता दोनदा वाजवला की सविता यायची, मोळी बांधायची, जायची. पाण्याचा पहिला तांब्या आता बापाला द्यायला लागली. वाल्मिकाला वाटलं, बरोबरच आहे.

फाल्गुन सरता सरता ऊस संपला, कारखान्याचा हंगाम उरकला. कोप्या मोडल्या, ट्रकात सामान चढायला लागलं. सविता कडूबाईचा तवा परत द्यायला आली. कडूबाई लंगडत मुकादमाच्या बायकोचा निरोप घ्यायला गेलेली. वाल्मिक बांबू सुतळीनं बांधत होता. तिनं तवा खाली ठेवला, पण गेली नाही.

"त्या दिशी मी कोपीमागं भांडी घाशीत हुते," ती म्हणाली. "आण्णा तुमच्याशी बोलाया आले, त्या दिशी. तुमचा आवाज येत हुता. शब्द कळत न्हवते. येवढा येळ तुमी बोललेलं मी कधी ऐकलं न्हवतं. मला वाटलं, सोताचं बोलताय."

वाल्मिकानं सुतळीला आणखी एक गाठ मारली.

"आण्णा तुमच्यासाठीच आले हुते. राधाकृष्णांचं नाव नुसतं काढायचं म्हनून काढलं. तुमी काय बोलता त्ये बघायला." ती खाली तव्याकडं बघत बोलत होती, हळू, रागावल्यासारखी नाही. "मग आण्णांनी मला समदं सांगितलं, तुमी काय काय बोलला. बारकी मोळी, आधी सोललेला ऊस. ह्ये त्ये करत्यात व्हय? त्यांची पाथ मी बघितली न्हाई का? आन जेवताना थांबते म्हनून. त्ये त्यांना कुठनं ठाव?"

"मला वाटलं," वाल्मिक म्हणाला.

ती थांबली. त्यानं पुढं काही म्हणावं म्हणून चांगली थांबली. ट्रकचा हॉर्न वाजला, श्रीमंत ओरडला, "वाल्मिक, बांबू आन लवकर." वाल्मिकानं मान वळवून तिकडं बघितलं, मग परत हिच्याकडं.

"कोयता कुनीबी वाजवतं," सविता म्हणाली. "येकदा नावानं हाक मारायची हुती." आणि गेली.

परतीच्या ट्रकात राधाकृष्ण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून निर्धास्त झोपला होता. वाल्मिक जागा होता. अजून लग्न लागलं नव्हतं. नेवासा गेलं, शेवगाव जवळ आलं, तिथं सविता आणि सहादेव उतरणार होते. आता बोलू, उतरायच्या आधी बोलू. मामाला म्हणू, त्या दिवशी मी माझंच सांगत होतो. पण खांद्यावर दोस्ताचं डोकं होतं. ते हलवलं तर तो उठला असता. ट्रक थांबला, बाप-लेक उतरले, गाठोडी उतरली, ट्रक निघाला. तिसगाव काय आणि शेवगाव काय.

वैशाखात लग्न लागलं. मांडव, बँड, बुंदी, सगळं रीतीनं झालं. अक्षता पडल्यावर मानपान सुरू झाले. नवरानवरीच्या मामांचा झाला, पंचांचा झाला, आणि मग कुणीतरी माईकवर पुकारलं, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं मानाची टॉवेल-टोपी घ्यायला पुढं यावं. सगळा मांडव वाल्मिकाकडं बघायला लागला. त्याला दोघांनी धरून पुढं आणलं. सहादेवानं स्वतःच्या हातानं टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि म्हातारा गहिवरून म्हणाला, "ह्यानं तोंड उघडलं म्हनून माझ्या पोरीला घर मिळालं."

टाळ्या वाजल्या. विजयमाला बायकांतून म्हणाली, "भावजी, आता सोतासाठीबी उघडा येकदा," आणि बायका खुदखुदल्या. कुणीतरी माईक त्याच्या तोंडापुढं धरला, दोन शब्द बोला म्हणून. वाल्मिकानं माईककडं बघितलं. श्रीमंतानं मायेनंच तो बाजूला केला. "त्याचे समदे शब्द संपले त्या दिशी," तो म्हणाला, आणि मांडव पुन्हा हसला.

मग नवरानवरी पाया पडायला निघाली. आधी वडीलधारे, मग मध्यस्थ, अशी रीत. राधाकृष्ण वाकायच्या ऐवजी गळ्यातच पडला, टोपी वाकडी झाली. त्याच्यामागून सविता आली. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या, मान खाली. ती वाकायला लागली तसं वाल्मिकाच्या मनात आलं, हे नको. बाकी काहीही चालेल, हिनं आपल्या पाया पडायचं नाही. तिला थांबवायचं होतं. हात आपसूक कमरेकडं गेला, पण तिथं कोयता नव्हता, आणि वाजवायला ऊसही नव्हता.

"सविता," तो म्हणाला. "सविता, नको."

आवाज स्वच्छ निघाला. जवळच्या दोघा-चौघांनी ऐकला, त्यांना वाटलं, पोरगं लाजलं. तिनं ऐकलं, कारण ती अर्ध्यात थांबली. चुड्याचे हात त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर होते, आणि त्यांवर पाचटाचा एकही ओरखडा नव्हता.

मग ती खाली वाकली, त्याच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला, आणि शेजारी बसलेल्या कडूबाईच्या पायांकडं वळली.